पिंजऱ्यातले पोटाचे दुखणे

अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांत वाढणाऱ्या ऱ्हीसस माकडांपैकी काहींना पुन्हा पुन्हा जुलाब होतात आणि तपासणीत अनेकदा कारणीभूत जंतू सापडत नाही. मग खाणे बदलले जाते, औषधे दिली जातात. पिंजऱ्यातल्या जगण्याचा ताण हेही या आजाराचे एक कारण आहे, असे मला वाटते. कोलंबियाच्या जंगलातल्या पांढऱ्या शेंडीच्या टॅमरिन माकडांकडे पाहा. बंदिवासात त्यांच्यापैकी अनेकांचे मोठे आतडे सुजते, काहींना पुढे तिथेच कर्करोग होतो; जंगलातल्या त्यांच्या भाईबंदांत हे चित्र दिसत नाही.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप जंतूंचा. जठरातल्या व्रणांमागे हेलिकोबॅक्टर हा जंतू असतो हे दाखवणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना 2005 मध्ये नोबेल मिळाले; मग ताणाला दोष कशाला? पण जंतू असणे आणि तो बळावणे यांत अंतर आहे, आणि ताण काम करतो तो तिथेच. बेली आणि को या संशोधकांनी 1999 मध्ये आईपासून तोडलेल्या ऱ्हीसस पिल्लांची विष्ठा तपासली. तिसऱ्या दिवशी उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू घटलेले होते, आठवड्याअखेर ते सावरले. जी पिल्ले जास्त कासावीस झाली, तीच संधिसाधू जंतूंना जास्त बळी पडली.

ताणातले नेमके काय बाधते, याचे उत्तर आधी चुकले होते. 1958 मध्ये जोसेफ ब्रॅडी यांनी माकडांच्या जोड्या केल्या. एक माकड कळ दाबत राहिले तर दोघांचाही विजेचा धक्का टळे. कळ दाबणारी माकडे व्रणांनी मेली, तेव्हा जबाबदारी जीव घेते असा निष्कर्ष निघाला. पण कळ हाती दिली होती ती मुळात भराभर दाबणाऱ्या माकडांच्याच. पुढे संशोधक जे वाइस यांनी उंदरांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली, तेव्हा उलटेच दिसले: ज्यांच्या हाती काहीच नव्हते, त्यांना व्रण अधिक झाले. पिंजऱ्यातल्या एकट्या माकडाची गत हीच. सोबत कोण, खायचे कधी, पळायचे कुठे, काहीच त्याच्या हाती नाही.

म्हणून त्याला सोबत द्यायला हवी. सोबत ठेवली तर माकडे भांडतात, जखमी होतात, हे खरेच. त्यासाठी जोड्या नीट जुळवाव्या लागतात आणि त्याला माणसे व वेळ लागतो. अमेरिकेच्या प्राणीकल्याण कायद्यात 1985 च्या दुरुस्तीने माकडांच्या मानसिक स्वास्थ्याला पोषक परिसर सक्तीचा केला आहे. तेव्हा हा खर्च ऐच्छिक मानता येत नाही. शिवाय लस वा औषध तपासताना तुलनेसाठी निवडलेले ‘निरोगी’ माकड आतून आजारी असेल, तर आकडे कशाशी ताडायचे?