अमेरिकेत तलाक झाला, तर मुलीच्या ग्रीन कार्डाचे काय?

अमेरिकेतला रिश्ता आला की आपण मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो, खानदान विचारतो. पण मुलगी तिथे कोणत्या कागदावर राहणार, हे क्वचितच कुणी विचारते. पुढे तलाक किंवा खुला झाला की पहिला सवाल येतो, "आता तिला परत यावे लागेल का?" याचे उत्तर तिच्या हातात कोणता कागद आहे, त्यावर ठरते. म्हणून एकेक कागद समजून घेऊ.

एच-४ व्हिसा : शौहर एच-१बीवर आणि बीवी एच-४वर असेल, तर कोर्टाचा तलाक पक्का होताच तिचा एच-४ दर्जा संपतो. त्यामुळे निकालाआधीच वकिलाला भेटून स्वतःच्या नावावर दुसरा व्हिसा मिळतो का, हे पाहावे.

अर्ज चालू असताना : शादीच्या आधारे केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर होण्याआधी तलाक झाला, तर तो सहसा तिथेच संपतो. मात्र नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक शौहरने छळ केला असेल, तर बीवी स्वतःचा अर्ज करू शकते. तलाकनंतर त्यासाठी २ वर्षांची मुदत असते.

२ वर्षांचे कार्ड : ग्रीन कार्ड मिळाले त्या दिवशी निकाहाला २ वर्षे झाली नसतील, तर कार्ड सशर्त असते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा फॉर्म भरायचा असतो. तलाक झाला असेल, तर हाच फॉर्म एकटीला भरता येतो आणि त्यासाठी ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. कोर्टाचा हुकूमनामा आणि निकाह खऱ्या नीयतीने झाला होता याचे पुरावे लागतात : दोघांच्या नावाचा घरभाडे करार, बँक खाते, टॅक्सचे कागद, विमा, मुलांचे जन्मदाखले. छळ झाला असेल, तर तलाक नसतानाही एकटीला अर्ज करता येतो. फॉर्म भरलाच नाही, तर मात्र दर्जा जातो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

१० वर्षांचे कार्ड : केवळ तलाकमुळे हे रद्द होत नाही. फरक नागरिकत्वात पडतो. नागरिक शौहरसोबत राहणारीला ३ वर्षांनी अर्ज करता येतो, तलाक झाला असेल, तर ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ५ वर्षे थांबावे लागते.

आणखी दोन गोष्टी. अमेरिकेत राहून तोंडी किंवा फोनवर दिलेला तलाक तिथले सरकार मानत नाही, राज्याच्या कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. भारतातही २०१९च्या कायद्याने एका दमात दिलेले तीन तलाक बेकायदेशीर आहेत. दुसरे, "एक फोन केला तर तुझे कार्ड जाईल" अशी धमकी काही शौहर देतात. शौहर तक्रार करू शकतो, पण कार्ड रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. तो निर्णय सरकार आणि इमिग्रेशन कोर्टाचा.

मुलींना आमचे सांगणे एवढेच : पासपोर्ट आणि कार्ड स्वतःजवळ ठेवा. निकाहनामा आणि बाकी कागदांच्या प्रती माहेरीही असू द्या. घर बदलले, तर १० दिवसांत नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवा, नाहीतर महत्त्वाचे पत्र जुन्या दारातच पडून राहील. प्रत्येकीचे प्रकरण वेगळे असते, म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर विचारा. आणि वालिदैनना विनंती, "लोक काय म्हणतील" या भीतीने मुलीला गप्प बसवू नका. तिची मुदत त्या गप्प बसण्यातच निघून जाते.