सोमालीलँडची भावकी आणि तिचे वडीलधारे

शेजारचा सोमालिया पेटलेला असताना सोमालीलँडमध्ये झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनी यादवी मिटवली, ही गोष्ट हल्ली फार गोड करून सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अर्धी आहे.

गैरसमज: हे वडीलधारे तटस्थ पंच होते.
मुळीच नाही. 1988 मध्ये, सोमालीलँड अजून सोमालियातच असताना, हुकूमशहा सियाद बर्रेच्या विमानांनी आजची राजधानी हरगेसा बेचिराख केली, तेव्हा हीच मंडळी सोमाली नॅशनल मूव्हमेंटच्या बंडखोरांना माणसे आणि रसद पुरवत होती. पोरांना लढायला ज्यांनी धाडले, त्यांनाच ती परत बोलावता आली. त्यातून खुनाची भरपाई सामायिक. सोमाली रिवाजाप्रमाणे एका पुरुषाच्या जिवाचे 100 उंट, आणि ते खुन्याने एकट्याने नव्हे, सगळ्या भावकीने मिळून द्यायचे. एकाच्या गोळीने सगळ्यांचे कळप रिकामे होणार असतील, तर त्याचा हात धरायला घरचेच पुढे येतात. (बाईच्या जिवाचे मात्र 50 उंट. परंपरेचे गोडवे गाणारे हा आकडा सहसा गिळतात.)

गैरसमज: बोरामा शहरातल्या वडीलधाऱ्यांच्या एका बैठकीत सगळे मिटले.
ती बैठक 1993 मध्ये जानेवारी ते मे अशी चालली. मताचा अधिकार असलेले 150 प्रतिनिधी होते, त्यात एकही बाई नव्हती. खर्चाचा मोठा वाटा स्थानिक लोकांनी आणि परदेशातल्या सोमालींनी उचलला. मोहम्मद हाजी इब्राहिम एगल अध्यक्ष झाले, सनद ठरली. तरीही 1994 अखेर पुन्हा बंदुका निघाल्या, आणि 1997 मध्ये हरगेसाची परिषद संपेपर्यंत पुरती शांतता आली नाही.

गैरसमज: पारंपरिक म्हणजे सत्तेबाहेरचे.
बोरामानंतर वडीलधाऱ्यांची सभा, म्हणजे 'गुर्ती', संसदेचे 82 जणांचे वरिष्ठ सभागृह झाली. तिची निवडणूक आजवर एकदाही झालेली नाही. सदस्य वारला की जागा बहुधा घरातल्याच कोणाकडे जाते. 2022 मध्ये गुर्तीने अध्यक्ष मूसे बिही यांची मुदत दोन वर्षांनी वाढवली आणि स्वतःची पाच वर्षांनी! माझ्या मते, कळपाचा मालक पगारी सदस्य झाला तिथेच त्याच्या शब्दाचे वजन उतरले. 2023 च्या फेब्रुवारीत पूर्वेकडच्या लास अनोद शहरात धुलबहांते जमातीच्या प्रमुखांनी हरगेसाची सत्ता नाकारून सोमालियाशी राहण्याचे जाहीर केले. तेही पारंपरिक नेतेच होते. तिथे पेटलेली लढाई गुर्तीला थांबवता आली नाही, आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला तिथून मागे हटावे लागले.