न्हाणीघराची नवी फरशी

पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना पाहिल्यावाचून आम्ही धान्याचा सौदा करीत नाही. हा नेम घरच्या कामात मात्र आम्ही विसरलो. त्याचे फळ काय मिळाले, ते आमच्या व्यापारी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सांगत आहोत.

गतवर्षी धाकट्या चिरंजीवांच्या लग्नाआधी जोयड्याच्या घरी न्हाणीत नव्या लाद्या बसविल्या. गवंड्यास घाई केली आणि काम संपताच सर्व मजुरीही चुकती केली. पाहुण्यांनी लाद्यांची वाखाणणी केली. पाहुणे गेले, पावसाळा लागला आणि दोष दिसू लागले. कोपऱ्यात पाणी तुंबे, तीन लाद्या पोकळ वाजत, सांध्यांवर पांढरे क्षार फुटत. एके पहाटे आमच्या मातोश्री त्याच कोपऱ्यात घसरल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. पण त्या आता एकट्या न्हाणीत जाण्यास भितात.

गवंड्यास बोलावून आम्ही चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "सावकार, खालचा थर वाळू द्या म्हणालो होतो. घाई तुमची होती." आम्ही निरुत्तर झालो.

मग प्रत्येक दोषाचे मूळ शोधले. पाणी तुंबते ते उतार चुकल्यामुळे. एका मीटरला सुमारे एक ते दीड सेंटीमीटर उतार जाळीकडे हवा. लादीखाली मसाला सर्वत्र न पोचल्यास ती पोकळ वाजते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही. म्हणून ती नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, तिला खास चिकटमसाला लागतो. खालची ओल सिमेंटमधील क्षार वर आणते, म्हणून पांढरे डाग पडतात. ते घालविण्यास अ‍ॅसिड ओतू नये. सांध्यांतील सिमेंटच खाल्ले जाते.

उपायही ज्याचा त्याला वेगळा. पोकळ लादी असल्यास तिच्या भोवतीचे सांधे मोकळे करून, जुना मसाला खरवडून ती नव्याने बसवावी. उतार चुकला असेल तर वरून सिमेंट थापून भागत नाही. तेवढा भाग उखडावाच लागतो. आम्ही तेच केले. माल आमचा, मजुरी गवंड्याची, असा समेट झाला. जुन्याच छटेच्या लाद्या मात्र मिळाल्या नाहीत. खोक्यावरील छटा व बॅच क्रमांक पाहून चारपाच लाद्या जादा ठेवावयास हव्या होत्या.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. लाद्या बसविण्यापूर्वी, खाली जलरोधक थर दिल्यावर, जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवावे व खाली ओल येते का ते पाहावे. मसाला पक्का झाल्यावर प्रत्येक लादी नाण्याने ठोकावी. बादलीभर पाणी ओतून ते कोठे थांबते ते पाहावे.

मालाची व मजुरीची पावती जपून ठेवावी. घरच्या वापराच्या सदोष मालाबद्दल किंवा कामाबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. परंतु आधी समोरासमोर बोलावे. आमचे काम तेवढ्यानेच झाले.

मातोश्री आता पुन्हा न्हाणीत जातात. मात्र दारात क्षणभर थबकतात. ते थबकणे आमच्या घाईचे आहे.