अठराच्या आतला मुकादम

अमेरिकेतील स्काउट चळवळीची मुख्य संघटना 1910 मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या नावाने स्थापन झाली. फेब्रुवारी 2025 पासून ती स्काउटिंग अमेरिका या नावाने ओळखली जाते. तिच्या सात पायऱ्यांपैकी शेवटची पायरी म्हणजे ईगल स्काउट, आणि तिच्या बहुतेक सर्व अटी उमेदवाराने वयाच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी पुऱ्या करायच्या असतात. स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास या पहिल्या चार पायऱ्यांवर गाठी मारणे, तंबू ठोकणे, होकायंत्र वाचणे, प्रथमोपचार करणे अशी स्वतःपुरती कौशल्ये शिकवली जातात. स्टार आणि लाइफ या पुढच्या दोन पायऱ्यांवर पथकातील जबाबदारीचे पद आणि सेवेचे अधिक तास यांची भर पडते. शेवटच्या पायरीवर मात्र कसोटीचा रोखच बदलतो, कारण तेथे उमेदवाराला स्वतःला काय येते यापेक्षा इतरांकडून तो काय करवून घेऊ शकतो हे पाहिले जाते.

आरंभी असे नव्हते. 1912 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आर्थर एल्ड्रेड हा तरुण पहिला ईगल स्काउट ठरला, तेव्हा मुख्य अट होती ती एकवीस मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयातील प्रावीण्यपदके, मिळवण्याची. त्याची परीक्षा घेण्यास अर्नेस्ट थॉम्पसन सीटन आणि डॅनियल कार्टर बिअर्ड यांच्यासारखी चळवळीची संस्थापक मंडळी जातीने बसली होती. एकवीस पदकांची अट आजही आहे आणि त्यांपैकी बरीचशी, उदाहरणार्थ प्रथमोपचार, स्वयंपाक, आर्थिक नियोजन आणि नागरिकत्व यांची, अनिवार्य आहेत. 1965 मध्ये सेवाप्रकल्पाची अट आली ती ‘योजना आखून पार पाडावा’ अशा अर्थाची होती. 1972 च्या फेरबदलात पार पाडण्याची जागा इतरांचे नेतृत्व करण्याने घेतली. नियमाच्या भाषेतला हा बदल दिसायला किरकोळ आहे, परंतु ईगल स्काउट या संकल्पनेचा आजचा सारा पीळ त्यातूनच आलेला आहे.

आजच्या नियमानुसार उमेदवार लाइफ स्काउट असताना एखादी धार्मिक संस्था, शाळा किंवा स्थानिक समाज यांच्या उपयोगाचा प्रकल्प आखतो, त्याला आकार देतो आणि त्यात इतरांचे नेतृत्व करतो. स्काउट संघटनेच्या स्वतःच्या फायद्याचा प्रकल्प चालत नाही, व्यापारी संस्थेचा चालत नाही आणि नुसती नित्याची झाडलोटही चालत नाही. काम सुरू होण्यापूर्वी प्रस्तावावर लाभार्थी संस्था, पथकाचा स्काउटमास्तर, पथकाची समिती आणि जिल्हा किंवा विभागीय मंडळ अशा चार ठिकाणची संमती घ्यावी लागते. प्रकल्प किती तासांचा असावा याला मात्र किमान मर्यादा नाही. तरीही पालकांचा पहिला प्रश्न बहुधा तासांचाच असतो, कारण तास मोजता येतात आणि नेतृत्व मोजता येत नाही.

अशा प्रकल्पांतला अगदी नेहमीचा नमुना म्हणजे उद्यानातील पायवाटेकडेला लाकडी बाके बसवणे. बाक बनवणे हे सुताराला अर्ध्या दिवसाचे काम असले तरी उमेदवाराच्या वहीत ते अनेक पानांचे होते. खड्डा खणण्यापूर्वी 811 या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या वायू, वीज आणि पाण्याच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्या लागतात. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, म्हणून खांब त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर दोन-तीन हिवाळ्यांत बाक वर उचलले जाते. लाकूड कीड आणि ओल यांपासून बचाव केलेले हवे, काँक्रीट घट्ट होईपर्यंत खांब ओळंब्यात धरायला माणसे हवीत, त्यांना पाणी आणि खाणे हवे, पाऊस आला तर पर्यायी दिवसही ठरलेला हवा. यांतली कोणतीही गोष्ट विसरली तर शनिवारी सकाळी जमलेली मित्रमंडळी नुसती उभी राहतात, आणि बारा वर्षांची मुले फावडे हातात घेऊन फार वेळ नुसती उभी राहत नाहीत, हे कोणत्याही मुकादमाला ठाऊक असते.

अधिकाराची रचनाही येथे चमत्कारिक असते. साखळी करवतीसारखी यंत्रे अल्पवयीनांनी चालवायची नाहीत असा दंडक असल्यामुळे कापकाम मोठ्या माणसांकडे सोपवावे लागते, म्हणजे सोळा वर्षांच्या उमेदवाराला मित्राच्या वडिलांना काम वाटून द्यावे लागते. शिवाय प्रत्येक उपक्रमात किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हजर असावे लागतात. या दक्षतेमागे दुःखद इतिहास आहे. बाललैंगिक अत्याचारांच्या हजारो तक्रारींमुळे या संघटनेने 2020 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि पुढे पीडितांसाठी सुमारे 246 कोटी डॉलरचा भरपाई-निधी ठरला. संघटनेची चर्चा हा भाग वगळून होऊ शकत नाही. त्याच काळात, 2019 पासून, मुलींनाही या वाटेने जाता येऊ लागले आणि 2021 मध्ये मुलींची पहिली तुकडी ईगल झाली.

प्रकल्पावरचा खरा आक्षेप आहे तो पालकांच्या हाताविषयी. ज्या घरात वडील अभियंते आहेत आणि गाडीखान्यात अवजारांची भिंत आहे, तेथील प्रकल्प आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा प्रकल्प कागदावर सारखे दिसले तरी ते सारखे नसतात. निधीचे नियम काही प्रमाणात हा फरक ओळखतात. घरच्या, पथकाच्या किंवा लाभार्थी संस्थेच्या पैशापलीकडे मोठी रक्कम गोळा करायची असल्यास वेगळा अर्ज करावा लागतो आणि उरलेला पैसा उमेदवाराकडे राहत नाही, तो लाभार्थी संस्थेला जातो. परंतु उत्साही आईने लिहून दिलेला आराखडा ओळखण्याचा कोणताही नियम अद्याप सापडलेला नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी भारत स्काउट्स आणि गाईड्सचा राष्ट्रपती पुरस्कार आठवेल. प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, नंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशी ती चढण आहे. आपल्याकडे स्काउट पथक बहुधा शाळेचे असते आणि गणवेश शाळेच्या वेळापत्रकात बसतो. अमेरिकेत पथकाला आश्रय देणारी संस्था पुष्कळदा चर्च किंवा नागरी मंडळ असते, त्यामुळे शिक्षकाचा धाक नसलेल्या मुलांना एकत्र आणणे हाच तेथील उमेदवाराच्या कामाचा मोठा भाग ठरतो.

काम संपल्यावर अहवाल लिहायचा असतो आणि त्यातील प्रश्न बाकाविषयी कमी, माणसांविषयी अधिक असतात: आराखड्यात कोणते बदल करावे लागले, नेता म्हणून सर्वांत अवघड काय गेले. त्यानंतर स्काउटमास्तरशी बैठक होते आणि शेवटी तीन ते सहा प्रौढांचे परीक्षक मंडळ उमेदवाराची मुलाखत घेते. त्या मंडळात त्याचे आईवडील किंवा त्याच्याच पथकाचा स्काउटमास्तर नसतो. निर्णय एकमतानेच व्हावा लागतो आणि नकार मिळाल्यास वरच्या मंडळांकडे दाद मागता येते. होकार मिळाला तर कागदपत्रे राष्ट्रीय कार्यालयाकडे जातात आणि तेथून मान्यता येण्यास काही आठवडे लागले तरी प्रमाणपत्रावर तारीख पडते ती मुलाखतीच्या दिवसाची.