शेतकऱ्याच्या घरची हत्यारे : थोड्या खर्चात काय घ्यावे व काय घेऊ नये

शेतीच्या खर्चाचा हिशेब मांडताना बियाणे, खत, मजुरी व औषधे यांची नोंद प्रत्येक जण करतो. परंतु एक चाकी न निघाल्यामुळे पेरणीचा दिवस गेला, तर त्या दिवसाची नोंद कोणत्याही वहीत आढळत नाही. वास्तविक हा खर्च इतर खर्चांहून लहान नसतो. तो टाळण्यासाठी शेतकऱ्याच्या घरी मोजकी पण चांगली हत्यारे असावीत, आणि ती थोड्या पैशांत कशी जमवावीत, हे आम्ही आमच्या अनुभवावरून, व मुख्यतः आमच्या चुकीवरून, वाचकांपुढे ठेवीत आहो.

लाकडी नांगराच्या काळी सांध्यास पाचर ठोकली की काम भागत असे, आणि ती ठोकण्यास गावचा सुतार बलुत्यावर बांधलेला होता. पुढे कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला व १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराबरोबर बोल्ट, चाकी व पाना ही त्रयी आपल्या घरात शिरली असे म्हणण्यास हरकत नाही. आज तर पंप, फवारायंत्र, ठिबकच्या नळ्या व ट्रॅक्टरची अवजारे मिळून शेकडो बोल्ट एका शेतकऱ्याच्या पदरी आहेत. बलुत्याची पद्धत मात्र बहुतेक गावांतून उठून गेली, आणि मिस्त्री तालुक्याच्या ठिकाणी जाऊन बसला. सबब लहान दुरुस्ती घरी करता येणे ही आता हौस राहिली नसून गरज झाली आहे.

आमची पहिली खरेदी

महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी करून आम्ही गेल्या वर्षी सेवानिवृत्त झालो. तोवर लेखणीखेरीज दुसरे हत्यार आमच्या हाती आलेले नव्हते. घरच्या शेतीकडे लक्ष द्यावे, पडवीत लहानशी कर्मशाळा मांडावी, असा बेत करून आम्ही बाजारातून एकशे आठ नगांची चकचकीत पेटी दोन हजार रुपयांस आणली. नगास अठरा-एकोणीस रुपये पडले, या हिशेबाने आम्हांस मोठा संतोष वाटला. आमचे धाकटे बंधू शेती पाहतात. त्यांनी त्यातील एक पाना हातात तोलून पाहिला व "दादा, हलका वाटतो," एवढेच म्हटले. आम्ही ते मनावर घेतले नाही.

हस्ताचा पाऊस चांगला झाला आणि काळ्या रानात मालदांडीच्या पेरणीस वापसा आला. पेरणीयंत्राचा एक फण दगडास लागून वाकला. तो बदलण्यासाठी गंजलेली चाकी काढणे भाग होते. आमच्या पेटीतील एकोणीसचा पाना लावून जोर देताच त्याचा जबडा फाकला व चाकीचे कोपरे गेले. आम्ही पान्यास नळी जोडून आणखी जोर दिला, तेव्हा चाकी गोल झाली. वापसा निघून जाईल या घाईने बंधूंनी जुनी छिन्नी काढली. तिचे डोके वर्षानुवर्षे हातोडा खाऊन छत्रीसारखे पसरले होते. तिसऱ्या घावास त्या पसरलेल्या काठाचा एक कपचा उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात शिरला.

जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया होऊन कपचा निघाला व डोळा राहिला; परंतु त्या डोळ्याने त्यांस आता सातबाऱ्यावरील अक्षरे लागत नाहीत. पेरणी शेजाऱ्यांनी आपले काम थांबवून करून दिली. पीक हाती लागले, गेलेली दृष्टी मात्र परत आली नाही. बंधूंनी आम्हांस आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही, म्हणूनच हा लेख लिहिणे आम्हांस प्राप्त झाले.

या प्रसंगी करावयास हवे होते ते असे. चाकीवर डिझेल किंवा रॉकेल सोडून तिला काही तास मुरू द्यावयाचे, नंतर सहाही कोपरे धरणारा रिंग पाना लावावयाचा, आणि तरीही न निघाल्यास हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापण्याच्या करवतीने, चाकीस उभी चीर पाडावयाची. या सर्वांच्या आधी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावयाचा. हा चष्मा बाजारात शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. आमच्या मते कर्मशाळेचे पहिले हत्यार हातोडा नव्हे, तर हा चष्मा होय. दुर्दैवाने कपचा डोळ्यात रुतलाच तर डोळा चोळू नये, कपचा उपसू नये, डोळ्यावर दाब न येईल अशी वाटी झाकून तत्काळ रुग्णालय गाठावे.

स्वस्त कोठे चालते व कोठे चालत नाही

स्वस्त वस्तू सर्वच वाईट असते असे नाही. मुख्य कसोटी इतकीच की ते हत्यार जोर सोसणारे आहे की नाही. पाना, पेचकस, पक्कड, छिन्नी, करवतीचे पाते व ड्रिलचे बिट ही जोर सोसतात. त्यांत काटकसर करू नये. उलट तेलाची बुधली, तारेचा ब्रश, मोजपट्टी, पत्र्याची पेटी व खिळ्यांचे डबे ही हलकी घेतली तरी बिघडत नाही. आम्ही नेमके उलट केले होते. पेटी उत्तम होती, पाने वाईट होते.

पाने घेताना संच न घेता मापे पाहावीत. मेट्रिक बोल्ट ६ मि.मी. जाडीचा असल्यास त्यास १० चा पाना लागतो, ८ मि.मी. च्या बोल्टास १३ चा, १० मि.मी. च्या बोल्टास १७ चा आणि १२ मि.मी. च्या बोल्टास १९ चा. नव्या मानकांच्या बोल्टांस मात्र शेवटच्या दोहोंऐवजी १६ व १८ चा पाना बसतो. शेतीतील पुष्कळसे काम एवढ्या मापांत उरकते. जुन्या यंत्रांवर इंची बोल्ट आढळतात. पाऊण इंची पाना व १९ मि.मी. चा पाना यांत फरक नगण्य आहे. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., त्यावर १३ चा पाना सैल बसून कोपरे खातो. म्हणून खरेदीस जाताना आपल्या अवजारांवरील दोन-चार चाक्या खिशात घालून न्याव्यात व पाना दुकानातच बसवून पाहावा. लटपटला तर परत ठेवावा.

चांगल्या पान्यावर कारखान्याचे नाव व माप ठळक उठलेले असते, आणि पुष्कळदा क्रोम व्हॅनेडियम या पोलादाचा उल्लेख असतो. भारतीय मानक ब्यूरोचा आय. एस. आय. शिक्का असल्यास उत्तम. नाशिक, जालंधर व लुधियाना येथे चांगली हातहत्यारे तयार होतात. परदेशी नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. केवळ चकाकीवर मात्र जाऊ नये, कारण मुलामा मऊ लोखंडासही चढतो. घट्ट चाकीस रिंग पाना वापरावा, उघड्या तोंडाचा वापरू नये. पाना आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. आणि त्यास नळी जोडून लांबी वाढवू नये.

हॅकसॉची चौकट साधी चालेल, पाते चांगले घ्यावे. जाड व मऊ लोखंडास इंचास १८ दातांचे आणि पातळ नळीस २४ किंवा ३२ दातांचे पाते लावावे. कापताना निदान तीन दात लोखंडावर टेकले पाहिजेत, नाहीतर दात तुटतात. पाते बसविताना दातांची टोके पुढच्या दिशेस असावीत. कानस दहा इंची एक पुरे. तिला मूठ बसविल्यावाचून हात लावू नये, कारण तिचे मागील टोक तळहातात शिरते. छिन्नीचे डोके पसरू लागताच त्याचा काठ घासून टाकावा. हे काम पाच मिनिटांचे आहे. आमच्या घरी ते कोणी केले नाही, त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

जुने घेण्याजोगे काय

हातोड्याचे डोके, व्हाइस व ऐरण ही जुनी घेतल्यास निम्म्याहून कमी पैशांत मिळतात व पुढील पिढीस पुरतात. व्हाइस घेताना तिचे जबडे मिटवून उजेडाकडे धरावेत. फट सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. आटे झिजून दांडा सैल फिरत असेल किंवा बिडाच्या अंगास चीर असेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. हातोड्यास धावड्याचा किंवा बाभळीचा दांडा घरीच घालावा, पाचर नीट ठोकावी व दांड्यास जवसाचे तेल पाजावे. हातोड्यावर हातोडा मारू नये. दोन्ही कठीण असल्याने कपचा उडतो.

भंगारवाले ऐरणीसाठी रुळाचा तुकडा देऊ करतात. कामास तो उत्तम खरा. परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदेशीरपणे बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, व तुकडा आपल्याकडे रीतसर आला हे दाखविण्याची पाळी आपणांवर येते. पक्की पावती मिळत नसेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये. मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा मात्र पावतीसह घ्यावा. त्याचे पोलाद चांगले असते व लोहार त्यापासून टिकाऊ विळा घडवून देतो.

अडल्याची वही

पेटीच्या खरेदीने आम्ही फसलो, त्यानंतर जन्मभराची सवय कामी आली. आम्ही एक वही घातली. तिच्यात पाच रकाने आखले : तारीख, काय अडले, कोणते हत्यार हवे होते, ते कोणाकडून आणले, व किती वेळ गेला. ज्या हत्याराची नोंद तीन वेळा झाली तेच विकत घ्यावयाचे, असा नियम केला. एकदा अडले तर शेजाऱ्याचे आणावे, दोनदा अडले तर विचार करावा, तिसऱ्या वेळी बाजार गाठावा.

या नियमाने बारा महिन्यांत आमच्याकडे पुढील हत्यारे आली : चष्मा व कातडी हातमोजे, चार मापांचे रिंग पाने, एक पक्कड, चपटा व फुलीचा असे दोन पेचकस, हॅकसॉ, कानस, जुना हातोडा, छिन्नी, पटाशी, गुण्या, विळ्या-खुरप्यांच्या धारेस निसणा, आणि शेवटी जुनी व्हाइस. सर्व मिळून खर्च पाच हजारांच्या आत राहिला, व तो एका वेळी अंगावर आला नाही. पहिल्या पेटीतील एकशे आठ नगांपैकी आज नऊ वापरात आहेत. म्हणजे नग अठरा रुपयांस नव्हे, तर सव्वादोनशे रुपयांस पडला. हिशेब त्याच दिवशी असा मांडता आला असता, तर बरे झाले असते.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर उसनी दिलेल्या हत्यारांची नोंद ठेवावी. नोंद दिसली म्हणजे कोणी रागावत नाही आणि पानाही परत येतो.

विजेची हत्यारे

ड्रिल व ग्राइंडर यांचा मोह तरुण मंडळीस लवकर होतो. वहीत त्यांची तीन वेळा नोंद झाल्यावाचून ती घेऊ नयेत. ड्रिल घेणे तर १३ मि.मी. पर्यंतचे बिट धरणारे घ्यावे. लहान घेऊन पुन्हा मोठे घेणे हा दुहेरी खर्च होय. ग्राइंडरवर लावावयाच्या चकतीवर फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते; ती यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असता कामा नये. चकतीवरील मुदतीची तारीखही पाहावी. वरचे झाकण कधीही काढू नये, कापण्याच्या चकतीने घासू नये, आणि कडब्याच्या गंजीजवळ हे यंत्र मुळीच चालवू नये. अंगावर उपरणे किंवा सैल बाही नसावी. पडवीतील वीजजोडणीस चांगले अर्थिंग व ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवून घ्यावा.

लोहार-सुतारांविषयी

घरी हत्यारे आली म्हणून लोहार व सुतार यांची गरज संपली असे कोणी समजू नये. चाकी काढणे, दांडा घालणे, नळी कापणे ही कामे आपली. परंतु विळ्यास वा फाळास पाणी देणे ही विद्या आहे, ती पुस्तकाने येत नाही. छिन्नीचे डोके का पसरते, आणि ते टोकाइतके कठीण का करू नये, हे आम्हांस गावच्या वृद्ध लोहारानेच समजावून दिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहार व सुतार यांचा समावेश असून, पात्र कारागिरास हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद तीत आहे. आपल्या गावच्या कारागिरास ही माहिती द्यावी व अर्ज लिहून देण्यास मदत करावी. लिहिणारा हात व घडविणारा हात यांनी एकमेकांस साहाय्य करावे, यातच गावाचे हित आहे.

आज आमच्या पडवीत भिंतीवर एक फळी असून प्रत्येक हत्याराची जागा खडूने आखलेली आहे. कोणते गेले ते रिकाम्या खुणेवरून तत्काळ कळते. पावसाळ्यापूर्वी सर्वांस तेलाचा पातळ हात फिरवितो. सर्वांत वरच्या खिळ्यावर दोन चष्मे टांगलेले आहेत. बंधू कामास उभे राहिले की प्रथम स्वतः एक लावतात व दुसरा आमच्या हाती देतात. त्यावाचून आम्हांस हातोड्यास हात लावू देत नाहीत. शेतकरी बंधूंनी हा चष्मा आमच्याप्रमाणे उशिरा न घेता आरंभीच घ्यावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.