पत्रीच्या जुडीतील तणे व त्यांची ओळख

भाद्रपद जवळ आला की हिंदमातापासून जवळच असलेल्या दादरच्या फुलबाजारात पत्रीच्या जुड्या येऊ लागतात. दूर्वा, आघाडा, धोतरा, रुई या वनस्पती लालबाग-परळच्या घरोघरी भक्तिभावाने नेल्या जातात. गिरणगावातील ज्या कुटुंबांची मुळे माण, खटाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांत आहेत, त्यांना मात्र यांतील काहींची दुसरी ओळखही ठाऊक असते. देव्हाऱ्यातील पत्री तीच कोरडवाहू शेतातील तण होय. कोणती वनस्पती कशी ओळखावी हे कळले, तरच तिचा बंदोबस्त करता येतो.

दूर्वा म्हणजे हरळी. तिच्या जमिनीवर पसरणाऱ्या व जमिनीखालील खोडांच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात. कोळपणीने तिचे तुकडे होतात व तुकड्यागणिक नवे रोप उभे राहते. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचाव्या व कडक उन्हात वाळवाव्या. हरळी समजून लव्हाळा उपटण्याची चूक पुष्कळदा होते. लव्हाळ्याची दांडी बोटांत फिरविली असता तिचे तीन कोपरे लागतात व मुळाशी गाठी सापडतात. त्या गाठी जमिनीत राहिल्यास श्रम वाया जातात.

आघाड्याचा तुरा लांब असून त्याची फळे खाली वळलेली असतात. ती धोतराला व जनावरांच्या केसांना चिकटून दूरवर जातात. यास्तव तुरा पक्व होण्यापूर्वीच झाड उपटावे.

रुई दोन प्रकारची आढळते. मोठ्या रुईच्या पाकळ्या पसरट असतात. दुसऱ्या जातीच्या पाकळ्या उभ्या असून टोकांना जांभळ्या असतात. ही जात राजस्थानच्या वाळवंटातही विपुल आहे. त्या वाळवंटातील जोधपूर व जैसलमेर भागाच्या वनस्पतींचे वर्णन मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी हॉलबर्ग यांच्यासह 1918 ते 1921 या काळात प्रसिद्ध केले. महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहालय आज ब्लॅटर यांच्याच नावाने ओळखले जाते. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

सर्वांत अधिक सावधगिरी धोतऱ्याच्या बाबतीत हवी. खऱ्या धोतऱ्याचे फूल कर्ण्यासारखे व फळ काटेरी असते. त्याचे सर्व भाग विषारी आहेत. मुलांच्या हाती फळ लागू देऊ नये. पिवळा धोतरा हा नावाने सारखा असला तरी अगदी निराळ्या कुळातला. त्याच्या पानांवर काटे व पांढरट शिरा असतात, फूल पिवळे असते व खोड मोडताच पिवळा चीक येतो. मूळचा अमेरिकेतील हा पाहुणा पडीक व कोरड्या जमिनीत हिवाळ्यात फोफावतो. त्याचे काळपट बी मोहरीसारखे दिसते. 1998 साली दिल्लीत या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने साथ उद्भवली. अंगावर सूज येऊन 60 हून अधिक माणसे दगावली. सबब गहू-हरभऱ्यात मोहरीच्या ओळी पेरणाऱ्याने हे झाड फुलावर असतानाच उपटावे. मोहरीचे दाणे गुळगुळीत असतात. पिवळ्या धोतऱ्याच्या दाण्यावर जाळीदार खळगे असतात. भिंगातून पाहिल्यास भेद चटकन ध्यानी येतो.

पत्रीत न येणारे एक तणही ओळखून ठेवावे. गाजराच्या पानांसारखी पाने व पांढरी बारीक फुले असलेले गाजरगवत 1955 च्या सुमारास पुण्यात आढळले व पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचारोग व परागामुळे दम्याचा त्रास होतो. ते फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट काढावे. 1984 पासून भारतात सोडण्यात आलेला मेक्सिकन भुंगा त्याची पाने खातो. तो दिसल्यास मारू नये.

गणपतीच्या सुटीत गावी जाणाऱ्यांनी बांधावरील एकेक रोप पान, फूल व फळासह वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून ठेवावे. त्यावर गावाचे नाव व तारीख लिहावी. नाव न कळल्यास हा नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावा. ओळख पटली की हीच वनस्पती पुढील हंगामात शेतात दिसताच हात वेळेवर पुढे होईल.