एका सभागृहाचा कारभार

अमेरिकेच्या ऐन मध्यभागी, मिझुरी नदीच्या पश्चिम तीरापासून रॉकी पर्वताच्या दिशेने हळूहळू चढत जाणाऱ्या गवताळ पठारावर, मका आणि गुरे यांच्या आधाराने सुखवस्तू झालेले नेब्रास्का हे विरळ वस्तीचे राज्य पसरले आहे. त्याच्या लिंकन या राजधानीत १९२२ ते १९३२ या दहा वर्षांत बांधलेले, ४०० फूट उंच मनोऱ्याचे आणि त्या मनोऱ्याच्या माथ्यावर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा ब्राँझचा पुतळा धारण करणारे विधानभवन मैलोगणती दुरून दिसते. बर्ट्रम गुडह्यू या वास्तुशिल्पकाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या इमारतीत सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्यासाठी दोन स्वतंत्र, सारख्याच इतमामाची दालने योजिली होती. परंतु वास्तू पुरी होऊन दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच राज्यातील मतदारांनी दोहोंपैकी एक सभागृह कायमचे मोडीत काढले. आज पश्चिमेकडील दालनात कायदे होतात आणि पूर्वेकडील दालन समारंभांच्या उपयोगी पडते.

हा बदल घडवून आणणारा पुरुष म्हणजे जॉर्ज नॉरिस. टेनेसी खोऱ्यातील विद्युत्प्रकल्पाचा जनक म्हणून विख्यात झालेला हा सिनेटर वॉशिंग्टनमध्ये अनेक वर्षे काढून एका निष्कर्षाप्रत आला होता. दोन सभागृहे एकमेकांवर अंकुश ठेवतात ही समजूत, त्याच्या मते, पुस्तकी होती. प्रत्यक्षात दोन्हीकडे एकाच विधेयकाचे दोन निरनिराळे मसुदे मंजूर होत आणि त्यांचा मेळ घालण्यासाठी दोन्ही बाजूंचे मोजके सभासद दार लावून बसत. त्या बंद खोलीत कोणते कलम कोणी घातले आणि कोणते कोणाच्या सांगण्यावरून गळाले, याची जबाबदारी पुढे कोणावरच येत नसे. १९३४ च्या निवडणुकीत नॉरिसने स्वतःच्या मोटारीतून सारे राज्य पिंजून काढले आणि २,८६,०८६ विरुद्ध १,९३,१५२ मतांनी आपली घटनादुरुस्ती मंजूर करून घेतली. त्याच मतपत्रिकेवर दारूबंदी उठविण्याचा आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावण्यास परवानगी देण्याचा असे आणखी दोन प्रस्ताव होते, आणि तेही मंजूर झाले. नॉरिसच्या विजयात त्याच्या वक्तृत्वाचा वाटा किती आणि तहानलेल्या मतदारांच्या उत्साहाचा किती, याविषयी तेथील इतिहासकार अजूनही मिस्कीलपणे वाद घालतात. पूर्वी दोन्ही गृहांचे मिळून १३३ सभासद होते. १९३७ च्या जानेवारीत जे एकच गृह भरले त्याचे ४३ होते, आणि आज ते ४९ आहेत. सर्वांना सिनेटर म्हणतात. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्षाचा उल्लेख नसतो, आणि त्यांचे वेतन १९८८ पासून वर्षाला १२,००० डॉलर इतकेच राहिले आहे, त्यामुळे बहुतेकांना शेती, वकिली किंवा दुकानदारी सांभाळूनच कायदे करावे लागतात.

येथे मराठी वाचक म्हणेल की, एकच सभागृह यात नवल ते काय? आपल्या देशातील बहुसंख्य राज्ये एकगृहीच आहेत. गोव्याची ४० सभासदांची विधानसभा एकटीच सारा भार वाहते, आणि विधान परिषद बाळगणारी महाराष्ट्रासारखी राज्ये मोजकीच आहेत. शंका रास्त आहे. नेब्रास्काचे खरे वैशिष्ट्य सभागृहांच्या संख्येपेक्षा एका शिरस्त्यात आहे. आपल्याकडे विधेयक चिकित्सा समितीकडे जाते ते सभागृहाने तसा ठराव केला तर. तेथे मात्र सभासदाने मांडलेल्या प्रत्येक विधेयकाची, मग ते कितीही किरकोळ वा विक्षिप्त असो, जाहीर सुनावणी झालीच पाहिजे असा नियम आहे. दुसरे सभागृह नाहीसे झाल्यावर त्याच्या जागी पहारा कोणी करायचा, या प्रश्नाला नॉरिसचे उत्तर होते की तो लोकांनी करायचा. आणि लोकांना तो करता यावा म्हणून ही सुनावणी.

अधिवेशन जानेवारीत सुरू होते. विषम वर्षी ९० आणि सम वर्षी ६० दिवसांचे. पहिल्या दहा दिवसांत विधेयके दाखल होतात आणि मग दुपारी दीडच्या सुमारास समित्यांच्या खोल्या भरू लागतात. विधेयक मांडणारा सिनेटर आरंभी आपली बाजू सांगतो. त्यानंतर अनुकूल, मग प्रतिकूल आणि शेवटी तटस्थ साक्षीदार एकेक करून मेजासमोर येतात, आपल्या नावाची अक्षरे कारकुनासाठी सुटी सुटी उच्चारतात आणि मेजावरील दिवा हिरव्याचा पिवळा व पिवळ्याचा तांबडा होईपर्यंत, म्हणजे काही मिनिटेच, बोलतात. सनदी वकील, रुग्णालयांचे मुखत्यार, कंपन्यांचे वेतनभोगी प्रतिनिधी हे नित्याचेच. पण त्यांच्याच रांगेत एखादा खेड्यातला औषधविक्रेता किंवा दत्तक मुलाची आई बसलेली असते, आणि दिवा त्यांनाही तेवढाच वेळ देतो. तरीही या समतेला भूगोलाची मर्यादा आहे. पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफहून लिंकन सुमारे ४०० मैल दूर. तिकडचे घड्याळसुद्धा एक तास मागे चालते. ज्याला दुकान बंद ठेवणे परवडते, ज्याला मोटार आहे, ज्याच्या घरी आजारी माणसापाशी बसायला दुसरे कोणी आहे, त्याचाच आवाज त्या खोलीत उमटतो. ही गोष्ट पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आरोग्य व मानवसेवा समितीपुढे येणारे दोन विषय एरवी कोणी एका दमात उच्चारणार नाही: औषधविक्रीचे नियमन आणि बालकांचे संरक्षण. त्या दोहोंशी ज्यांचा जवळून संबंध आला अशा सिनेटर ग्वेन हॉवर्ड विधिमंडळात येण्यापूर्वी अनेक वर्षे राज्याच्या नोकरीत समाजसेविका होत्या. त्यांच्या एका मुलीला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक औषधांचे व्यसन जडले आणि २००९ मध्ये त्या औषधांच्या अतिमात्रेने तिचा मृत्यू झाला. कोणत्या रुग्णाला कोणत्या दुकानातून कोणते औषध मिळाले याचे एकत्र दफ्तर राज्यात असते तर एकाच वेळी अनेक डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेणे अवघड झाले असते, हा विचार मनात धरून त्यांनी २०११ मध्ये विधेयक मंजूर करून घेतले. मात्र त्याला राज्याच्या तिजोरीतून एक डॉलरही मिळू नये अशी अट पडली, आणि रुग्णाला स्वतःची नोंद वगळण्याची मुभाही राहिली. ज्या दफ्तरातून व्यसनाधीन माणूस आपले नाव आपण होऊन काढून घेऊ शकतो त्याचा उपयोग किती, हे सांगायला नको. पुढे मुदत संपल्यामुळे त्या निवृत्त झाल्या आणि ओमाहाच्या त्याच मतदारसंघातून त्यांची दुसरी मुलगी सारा हॉवर्ड निवडून आली. आईचे अपुरे काम मुलीने २०१६ मध्ये तडीस नेले: नोंद वगळण्याची मुभा गेली, डॉक्टर व औषधविक्रेते यांना दफ्तर विनामूल्य खुले झाले, आणि १ जानेवारी २०१८ पासून मादक औषधांचीच नव्हे तर चिठ्ठीवर दिल्या गेलेल्या प्रत्येक औषधाची नोंद सक्तीची झाली. असे करणारे नेब्रास्का हे पहिले राज्य होय. नागरिकाच्या रक्तदाबाच्या वा मनोविकाराच्या गोळीचीही नोंद सरकारदरबारी असावी ही कल्पना प्रस्तुत लेखकाला पुरती पचलेली नाही. पण परस्परमारक औषधे एकाच रुग्णाच्या पोटात जाण्याचे अपघात अशा दफ्तराने टळतात, हे नाकारता येत नाही.

औषधांच्या मामल्यातला दुसरा झगडा पैशाचा. अमेरिकेत विमा कंपनी आणि औषधाचे दुकान यांच्यामध्ये दलाल कंपन्या बसलेल्या असतात. कोणते औषध विम्यात बसेल आणि दुकानदाराला त्याचे किती मिळेल हे त्या ठरवितात, आणि देशातील सुमारे ८० टक्के चिठ्ठ्या अवघ्या तीन कंपन्यांच्या हातून जातात. रोख पैसे दिल्यास हेच औषध स्वस्त पडेल, एवढे गिऱ्हाइकाला सांगण्याचीही दुकानदाराला बंदी करणारे करार अनेक राज्यांत रूढ होते. राज्यांना या दलालांवर कायदा करण्याचा अधिकार आहे काय, असा वाद आर्कन्सास राज्याच्या कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० डिसेंबर २०२० रोजी आठही न्यायमूर्तींनी एकमुखाने आर्कन्सासचा कायदा वैध ठरविला. त्यानंतर २०२२ मध्ये नेब्रास्कानेही या कंपन्यांना विमा खात्याचा परवाना सक्तीचा केला आणि तोंड दाबणारी ती अट बेकायदा ठरविली.

परंतु या विधिमंडळाची परीक्षा पाहणारा प्रसंग २००८ सालचा आहे. नवजात अर्भक उकिरड्यावर टाकण्याऐवजी आईने ते रुग्णालयात सुखरूप सोपवावे आणि तिच्यावर खटला होऊ नये, असा कायदा टेक्सासने १९९९ मध्ये प्रथम केला, आणि एकेक करीत इतर राज्यांनी तो उचलला. नेब्रास्का सर्वांत शेवटी राहिले. सिनेटर आर्नी स्टथमन यांच्या मूळ मसुद्यात अर्भकाचे वय ७२ तासांपर्यंतचे होते. चर्चेत आक्षेप निघाला की चार दिवसांच्या बालकाने काय पाप केले? वयाची सीमा कोठे आखावी यावर एकमत होईना, तेव्हा तडजोड म्हणून सीमाच काढून टाकण्यात आली, आणि परवानाधारक रुग्णालयाच्या कामावर असलेल्या नोकराच्या हवाली ‘मूल’ करणाऱ्यावर केवळ त्या कृत्याबद्दल खटला होणार नाही, एवढेच कलम उरले. फेब्रुवारीत राज्यपालांची सही झाली आणि १८ जुलैपासून अंमल सुरू झाला.

२४ सप्टेंबरच्या रात्री ओमाहातील एका रुग्णालयात एक विधुर आपली नऊ मुले घेऊन आला. धाकटे एक वर्षाचे, थोरले सतरा वर्षांचे. दीड वर्षापूर्वी बायको वारल्यापासून एकट्याने रेटलेला संसार त्याला झेपेनासा झाला होता. त्याने मुले हवाली केली आणि तो निघून गेला. कायद्याने त्याला हात लावता येत नव्हता. मग बातमी देशभर पसरली. शेजारच्या आयोवातून आणि मिशिगन, जॉर्जिया, फ्लोरिडा अशा दूरदूरच्या राज्यांतूनही पालक आपल्या किशोरवयीन मुलांना घेऊन नेब्रास्काच्या रुग्णालयांकडे निघाले. एकूण ३६ मुले अशा रीतीने सोडली गेली, आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप झाला असे नवजात अर्भक त्यांत एकही नव्हते. बहुतेकांवर पूर्वी मानसिक उपचार झालेले होते. काहींचे पालक वर्षानुवर्षे विमा कंपन्या, न्यायालये आणि कल्याण खाती यांचे उंबरठे झिजवून थकले होते. परराज्यांतील वृत्तपत्रांनी या आईबापांना निर्दय म्हटले. मुलाला चाकू घेऊन भावाच्या अंगावर धावताना पाहिलेल्या आईने पोलिसात द्यावे की घरात कोंडावे, याचे उत्तर मात्र त्यांपैकी कोणी दिले नाही.

राज्यपालांनी १४ नोव्हेंबरला खास अधिवेशन बोलाविले. घटनेने घालून दिलेल्या मुदतींमुळे घाईचे काम असूनही आठवडा लागला, सुनावणी टळली नाही, आणि २१ नोव्हेंबर रोजी ४३ विरुद्ध ५ मतांनी वयाची मर्यादा ३० दिवसांवर आली. पालकांचा ओघ थांबला. येथेच प्रकरण मिटविता आले असते, आणि पुष्कळ विधिमंडळांनी ते मिटविलेही असते. मूळ विधेयकाची रीतसर सुनावणी झाली होती. पण मानसिक व्याधीने ग्रस्त मुलांचे पालक नवजात अर्भकांच्या विधेयकावर साक्ष देण्यास कशासाठी येतील? त्यांच्या मुलांचा हिशेब कोणी मांडला नाही, कारण त्या खोलीत त्यांचे कोणी नव्हते. मसुद्यातील गफलतीने तीन-चार महिने एक फट उघडी ठेवली आणि त्या फटीतून ती माणसे विधिमंडळासमोर येऊन ठाकली. २००९ मध्ये सिनेटरांनी अडचणीतल्या पालकांसाठी चोवीस तास चालणारी दूरध्वनीसेवा आणि दत्तक घेतलेल्या मुलांच्या कुटुंबांना मदत देणारी योजना मंजूर केली. चुकलेल्या कायद्याची ही खरी दुरुस्ती होय, वयाची मर्यादा हे केवळ ठिगळ होते. ती मर्यादाही पुढे २०२४ मध्ये ९० दिवसांपर्यंत वाढविण्यात आली.

२००९ च्याच सुमारास सरकारने बालकल्याणाचा बराचसा कारभार खाजगी संस्थांच्या हाती ठेक्याने दिला आणि त्यांतल्या बहुतेक संस्था एकापाठोपाठ एक ठेका टाकून गेल्या. आरोग्य समितीने सिनेटर केथी कॅम्पबेल यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये त्याची कसून चौकशी केली, आणि दुसऱ्या वर्षी विधिमंडळाने बालकल्याणासाठी स्वतंत्र महानिरीक्षकाचे पद निर्माण केले. राज्याच्या देखरेखीत असताना मूल दगावले वा गंभीर जखमी झाले तर कागदपत्र मागवून छडा लावणे हे या महानिरीक्षकाचे काम. २०२३ मध्ये राज्याच्या महान्यायवाद्यांनी, विधिमंडळाच्या नोकराने कार्यकारी खात्याची दफ्तरे तपासणे घटनाबाह्य आहे, असा अभिप्राय दिला आणि ती दफ्तरे काही काळ बंद झाली. २०२५ मध्ये नव्या कायद्याने ही तपासणीची व्यवस्था पुन्हा उभी करावी लागली. सुनावणीला जो येऊ शकत नाही अशा पाच वर्षांच्या पोराच्या वतीने खात्याला जाब विचारणारा अधिकारी लिंकनच्या त्या इमारतीत आज आहे, आणि माझ्या मते नॉरिसच्या कल्पनेत राहून गेलेली उणीव या एका पदाने जितकी भरून काढली तितकी दुसरे सभागृह ठेवूनही भरली नसती. अमेरिकेतील इतर ४९ राज्यांपैकी एकानेही १९३७ नंतर आपले दुसरे सभागृह बंद केलेले नाही.